दीक्षितांच्या गावाहून पत्र

मुरुड, ता. दापोली
श्रावण

प्रिय मंजू,

तुझा प्रश्न वाचला आणि मला सगळ्यात आधी आठवले ते आमच्या गावचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. तू विचारलंस, 'पायथनमधून एडीएसला, म्हणजे खगोलनिबंधांच्या त्या सूचीला, शोध टाकला की निबंधांची भलीमोठी यादी येते, तिचं पुढे करायचं काय? तू दिवसभर लायब्रऱ्या आणि टेबलांतच असतेस, तर मला नीट समजावून सांग.' आता यात दीक्षित कुठून आले, असं तुला वाटेल. सांगते. पण त्याआधी गावाचा घोळ मिटवते, कारण तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर त्यातच आहे.

मुरुड शोधलंस की नकाशा बहुतेक वेळा रायगडातलं मुरुड दाखवतो, जंजिऱ्याचं. आमच्याकडे येणारे पाहुणेसुद्धा फोन करून विचारतात, किल्ल्यात जायच्या होड्या कुठून सुटतात? आमचं मुरुड दापोली तालुक्यातलं. शेजारी हर्णै, पलीकडे आंजर्ले, गावात दुर्गादेवी, दोन्ही हातांना सुपारी-नारळाच्या वाड्या. महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून लोक ओळखतात ते हे. आता गंमत बघ. त्या दुसऱ्या मुरुडाजवळ नांदगाव आहे. तिथल्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' रचलं आणि पुढे कित्येक पिढ्या पंचांगं त्यावर चालली. आणि या मुरुडात १८५३ साली दीक्षित जन्मले, ज्यांनी ग्रहलाघवासकट सगळ्या भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहून काढला. खगोलाचा वारसा दोन्ही मुरुडांना आहे. कुणी 'मुरुड' आणि 'ज्योतिष' एवढ्या दोन शब्दांवर शोध घेतला तर दोन्ही गावांची माणसं एका रांगेत येऊन बसतील आणि यंत्राला त्यात काही वावगं दिसणार नाही.

तुझ्या यादीत नेमकं हेच होतं. 'नारळीकर' एवढंच आडनाव टाकून बघ. विष्णु वासुदेव नारळीकर, बनारसचे, सापेक्षतावादावर लिहिणारे. आणि त्यांचे चिरंजीव जयंत विष्णु, ज्यांचा हॉइलबरोबरचा गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतावरचा निबंध १९६४ सालचा. आडनाव एक, घर एक, विषयही जवळचा. आद्याक्षरं घातल्याशिवाय बाप-लेक वेगळे होत नाहीत. तू पल्सारवर काम करतेस, तेव्हा कुलकर्णी तुला टाळताच येणार नाहीत. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी, १९८२ च्या त्या पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या शोधनिबंधातले. पण 'कुलकर्णी, एस.' असं मागितलंस तर एडीएस 'एस' पासून सुरू होणारे झाडून सगळे कुलकर्णी देईल, आणि आपल्याकडे कुलकर्ण्यांना तोटा नाही! म्हणून दोन्ही आद्याक्षरं दे, जमेल तिथे संशोधकाच्या ओळखीचा ऑर्किड क्रमांक दे. २०१२ पासून संशोधकांना हे क्रमांक मिळायला लागले, त्यामुळे जुन्या माणसांसाठी त्यांचा उपयोग नाही. तिथे संस्था, सहलेखक आणि साल बघूनच माणूस ओळखावा लागतो.

आता दीक्षितांकडे येते. हे गृहस्थ शाळामास्तर. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत गेल्या आणि त्या नोकरीत राहून त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिलं. १८९६ साली ते छापून आलं. त्याच साली रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक, भारतीय कालगणनेवरचं, लंडनला निघालं. त्याआधी फ्लीटसाहेबांच्या गुप्त राजांच्या शिलालेखांवरच्या ग्रंथासाठी, जो १८८८ चा, तिथी-वारांची गणितं त्यांनी करून दिली होती. आणि १८९८ साली गेलेसुद्धा, पुरी पंचेचाळीसही वर्षं झाली नव्हती. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्यांच्यापुढे जी यादी होती ती एका कळीवर येणारी नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला हस्तलिखितांचा सरकारी संग्रह, जो पुढे भांडारकर संस्थेकडे गेला; लोकांच्या घरच्या पोथ्या; वेगवेगळ्या प्रांतांत चालणारी पंचांगं. एकेका ग्रंथाचं नाव काय, कर्ता कोण, शक कुठला, कुठे राहणारा, कुणाचा आधार घेतलेला, हे सगळं त्यांनी पानापानावर मांडलंय.

त्यांचं एकच काम जवळून दाखवते, कारण तुझा सगळ्यात अवघड प्रश्न, एकच निबंध दोनदा आलाय की दोन वेगळे निबंध आहेत, तो त्यात सुटतो.

'सूर्यसिद्धांत' या नावाचा ग्रंथ सगळ्यांना माहीत होता. वराहमिहिरानेही आपल्या 'पंचसिद्धांतिके'त पाच सिद्धांतांचा सारांश देताना सूर्यसिद्धांत घेतलाय. नाव एक, म्हणजे ग्रंथ एक, असं कुणीही धरून चालेल. दीक्षितांनी नाव बाजूला ठेवलं आणि आकडे काढले. वराहमिहिर सांगतो की सूर्यसिद्धांताप्रमाणे १,८०,००० वर्षांत ६६,३८९ अधिकमास आणि १०,४५,०९५ क्षयतिथी येतात. आता वही घे. १,८०,००० वर्षांचे सौर महिने २१,६०,०००. त्यात अधिकमास मिळवले की चांद्रमास २२,२६,३८९. तिसाने गुणलं की तिथी ६,६७,९१,६७०. क्षयतिथी वजा केल्या की दिवस उरतात ६,५७,४६,५७५. महायुग ४३,२०,००० वर्षांचं, म्हणजे याच्या चोवीस पट: १,५७,७९,१७,८०० दिवस. आणि आज हातात असलेल्या सूर्यसिद्धांतात महायुगाचे दिवस दिलेत १,५७,७९,१७,८२८. फरक अठ्ठावीस दिवसांचा, तोही त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांत! एका वर्षाला वाटला तर अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. पण हा लेखनिकाचा हस्तदोष मानता येत नाही, कारण दुसरी मानंही तशीच सरकलेली आहेत. म्हणजे नाव तेच, ग्रंथ दोन: एक वराहमिहिरापुढचा जुना, एक आपल्याकडे आलेला. १८९० साली 'इंडियन अँटिक्वरी'त मूळ सूर्यसिद्धांताबद्दलचा त्यांचा लेख आला आणि त्याच सुमाराला रोमक सिद्धांतांबद्दलचाही. तिथेही एकाच नावाखाली एकाहून जास्त ग्रंथ निघाले. आर्यभटाचंही तसंच. भाऊ दाजींनी १८६५ साली आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त यांच्या काळावर निबंध लिहून वाट मोकळी केली होती. दीक्षितांनी पहिला आर्यभट आणि दुसरा आर्यभट असे दोघे मांडले आणि दुसऱ्याचा काळ शके ८७५ च्या आसपास ठरवला.

तेव्हा मंजू, मथळ्यावरून निबंध जुळवू नकोस. मथळे फसवतात. आर्काइव्हवर आलेला मसुदा आणि नियतकालिकात छापलेला निबंध यांचे मथळे बदललेले असतात, पण काम एकच. उलट एखाद्या मालिकेतल्या निबंधांचे मथळे शेवटचा आकडा सोडला तर जुळे भाऊ असतात, पण कामं वेगळी. शुद्धिपत्र तर मूळ निबंधाचंच नाव घेऊन येतं. जुळणी करायची ती ओळखक्रमांकावर: डीओआय, आर्काइव्हचा क्रमांक आणि बिबकोड.

बिबकोड ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. एकोणीस अक्षरांचा पट्टा. पहिली चार सालाची, मग पाच नियतकालिकाची, चार खंडाची, एक निबंधाचा प्रकार सांगायला, चार पानाची आणि शेवटचं पहिल्या लेखकाच्या आडनावाचं. जागा रिकामी राहिली तर टिंब. चंद्रशेखर यांचा श्वेतबटूंच्या कमाल वस्तुमानावरचा निबंध घे: साल १९३१, ॲस्ट्रोफिजिकल जर्नल, खंड ७४, पान ८१, आणि शेवटी चंद्रशेखरांचा 'सी'. पट्टा बघितला की निबंध कुठल्या कपाटात आहे ते कळतं. फक्त एक ध्यानात ठेव: मसुद्याचा बिबकोड वेगळा असतो आणि निबंध छापून आला की एडीएस दोन नोंदी एक करून नवा बिबकोड पुढे ठेवतं. जुना हरवत नाही, पर्यायी बिबकोडांच्या रकान्यात जातो. तुझी गेल्या वर्षीची यादी आणि आजची यादी जुळवताना तो रकाना मागितला नाहीस तर एकच निबंध तुला नवा वाटेल आणि जुना गायब झाल्यासारखा वाटेल.

आता लायब्ररीबद्दल. तू अ‍ॅस्ट्रोक्वेरी वापरतेस, उत्तम. एडीएसचं टोकन काढलेलं आहेच तुझ्याकडे. शोध टाकला की ती तुला अ‍ॅस्ट्रोपायचं टेबल देते, त्यामुळे पुढचं काम सोपं वाटतं. पण काहीच सांगितलं नाही तर ओळी दहाच येतात. दहा ओळींचं टेबल इतकं नेटकं दिसतं की 'एवढेच निबंध आहेत' असं मन धरून बसतं. म्हणून पहिलं काम: एकूण किती सापडले तो आकडा एडीएसच्या उत्तरात असतो, तो काढ आणि आपल्या हातात किती ओळी आल्या त्याच्याशी ताडून बघ. दोन आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नकोस. एका खेपेला जास्तीत जास्त २,००० ओळी मिळतात. त्याहून जास्त असतील तर सुरुवातीचा क्रमांक पुढे सरकवत पानापानाने आण.

पानापानाने आणताना क्रम पक्का हवा. नुसतं तारखेने लावलंस तर एकाच महिन्याचे पुष्कळ निबंध असतात, त्यांचा आपापसातला क्रम प्रत्येक खेपेला तोच राहील याची खात्री नाही. एखादा निबंध दोन पानांवर येतो आणि एखादा दोन्हींच्या मधून निसटतो. तारखेनंतर बिबकोड लावला की क्रम बांधला जातो. आणि प्रत्येक पान आलं की जसंच्या तसं आधी डिस्कवर लिही, टेबल नंतर कर. श्रावणात आमच्याकडे वाऱ्याचा जोर वाढला की माडाची झावळी तारांवर येते, वीज जाते, पाठोपाठ नेटही जातं. पान लिहून ठेवलेलं असेल तर वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू करता येतं. तुझ्याकडे हायडेलबर्गला वीज जात नसेल, पण दिवसाच्या ५,००० विनंत्यांची मर्यादा तुलाही आहे, आणि केलेलं काम पुन्हा करायला लावणारा प्रोग्रॅम कुठल्याच गावात चांगला नाही.

विनंत्यांवरून आठवलं. 'एडीएस' नावाची अँडी केसी यांची दुसरी एक लायब्ररी आहे, तीही तू कधीतरी वापरशील. लिहायला फार सुटसुटीत. पण तिच्यात तू आधी न मागितलेला रकाना नंतर वाचायला गेलीस की ती गुपचूप त्या एका निबंधासाठी पुन्हा एडीएसकडे जाते. पाचशे निबंधांचे सारांश असे एकेक करून वाचलेस तर पाचशे फेऱ्या होतात आणि दिवसाचा शिधा बघता बघता संपतो. हवे ते रकाने पहिल्याच खेपेला नाव घेऊन माग.

रकान्यांच्या आत काय असतं तेही बघून घे. मथळा तुला एक ओळ वाटतो, पण तो यादी म्हणून येतो, आत एकच मथळा असला तरी. लेखक यादी म्हणूनच येणार, ते साहजिक. पण ती यादी किती लांब असेल याचा अंदाज बांधू नकोस. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरचा तो सामूहिक निबंध, ज्यात आपल्या खोडदच्या जीएमआरटीची आणि अ‍ॅस्ट्रोसॅटची माणसंही आहेत, त्याचे लेखक साडेतीन हजारांच्या वर. तू रकान्याची रुंदी ठरवून टाकलीस तर नावं कापली जातील, आणि कापलेल्या यादीत खोडदची नावं उरतील की नाही कोण सांगणार? यादी यादीच राहू दे. स्वल्पविरामाने जोडून एक लांब ओळ करायचा मोह तर अजिबात नको, कारण आडनाव आणि आद्याक्षरांच्या मध्येही स्वल्पविराम असतो. एकदा जोडलं की पुन्हा वेगळं करणं महाकठीण.

आणि रिकाम्या जागा! माझं खरं सांगणं याबद्दल आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. जुन्या निबंधांना डीओआय नसतो, कित्येकांना सारांश नसतो. लायब्ररी तिथे नन ठेवते, म्हणजे काहीच नाही. आपण काय करतो? टेबल सुबक दिसावं म्हणून तिथे मोकळी ओळ भरतो, आकड्यांच्या रकान्यात शून्य भरतो. मग 'या निबंधाचा उल्लेख कुणीच केलेला नाही' आणि 'उल्लेख मोजलेलेच नाहीत' या दोन गोष्टी एक होतात. सरासरी काढतेस, आलेख काढतेस, आणि एकोणिसाव्या शतकातलं सगळं काम निरुपयोगी ठरून तळाशी जातं. तसंच, शोधाला काही सापडलं नाही आणि शोध पोचलाच नाही, हेही वेगळं ठेव. दोन्ही वेळा हातात रिकामं टेबल असेल असा प्रोग्रॅम लिहू नकोस. जोडणी तुटली तर त्याने थांबावं आणि तसं सांगावं.

दीक्षितांच्या पुस्तकात हे शिकण्यासारखं आहे. जो ग्रंथ त्यांनी स्वतः पाहिला नाही तिथे ते तसं लिहितात: हा ग्रंथ माझ्या पाहण्यात आला नाही, अमुक टीकाकाराने याचा उल्लेख केलाय. कर्त्याचा काळ पक्का कळत नसेल तर कशावरून अंदाज केला ते सांगतात. त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही त्यांच्या मतावर वाद घालता येतो. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत असं म्हटलंय, त्यावरून त्यांनी त्या ग्रंथाचा काळ इसवी सनाच्या सुमारे ३,००० वर्षं आधीचा काढला. ते मत पुष्कळांना पटलेलं नाही. पण कुठलं वचन, कुठलं नक्षत्र, संपातचलनाचं कुठलं गणित, हे सगळं उघडं मांडलेलं असल्याने ज्याला पटत नाही त्यालाही नेमकं कुठे पटत नाही ते बोट ठेवून दाखवता येतं.

म्हणून तुझ्या टेबलात एडीएसने न दिलेला एक रकाना तू स्वतः घाल: हा निबंध मी पुरता वाचला, नुसता सारांश वाचला, की दुसऱ्याच्या संदर्भसूचीत नाव पाहिलं. यंत्र तो भरू शकत नाही, आणि तुझ्या प्रबंधाच्या परीक्षकाला नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. टेबलाच्या माथ्यावर शोधाची ओळ अक्षर न अक्षर आणि शोध घेतल्याची तारीख लिहून ठेव. उल्लेखांचे आकडे रोज वाढतात. तारखेशिवाय ते कशाचेच नाहीत.

आता तुझ्या गावाबद्दल. तू जिथे आहेस तिथल्या खगोलगणन संस्थेने, जी १९४५ साली बर्लिनहून हायडेलबर्गला आली, जगभरच्या खगोलसाहित्याची सूची वर्षानुवर्षं छापली. विस्लिसेनुस यांनी सुरू केलेला तो वार्षिक अहवाल. पहिला खंड १८९९ सालच्या साहित्याचा. पुढे १९६९ पासून तोच सारांशसूचीच्या रूपात निघत राहिला आणि २००० साली थांबला, कारण तोवर एडीएससारख्या सोयींनी ते काम आपल्याकडे घेतलं होतं. म्हणजे तू आज एका ओळीत जे मागतेस ते शंभर वर्षं माणसं हाताने करत होती. त्याच्याही आधी ब्रसेल्सचे हूझो आणि लँकास्टर यांची मोठी सूची १८८२ ते १८८९ मध्ये निघाली. नेमकी दीक्षित आमच्याकडे पोथ्या चाळत होते त्याच वर्षांत.

संस्थेच्या ग्रंथालयात जाशील तेव्हा माझी दोन कामं कर. वार्षिक अहवालाचे पहिले काही खंड काढ आणि त्यात भारतीय ज्योतिषावरचं काय काय नोंदलंय ते बघ. पानांचे फोटो पाठव. दीक्षित पहिल्या खंडाच्या वर्षाआधीच गेले, पण स्यूएल आणि भारतीय ज्योतिषाचे अभ्यासक थिबो तेव्हा लिहीत होते, त्यामुळे दीक्षितांचा उल्लेख कुठल्या नावाने आणि कुठल्या आद्याक्षरांनी आलाय ते मला हवंय. त्यांचं नाव रोमन लिपीत बाळकृष्ण, बालकृष्ण, दीक्षित, दीक्षीत अशा किती तऱ्हांनी लिहिता येतं हे तूच मोजून बघ! दुसरं, इंडियन अँटिक्वरीचा १८९० चा खंड तिथे असला तर मूळ सूर्यसिद्धांताचा लेख पुरता वाच. वर दिलेलं गणित तुला त्यातून पुढे नेता येईल, आणि तुझ्या त्या नव्या रकान्यात पहिली 'पुरता वाचला' अशी नोंद त्याचीच पडू दे.

पानापानाने आणण्याचा प्रोग्रॅम मी लिहून ठेवलाय, नेट धड झालं की पाठवते. त्यात पर्यायी बिबकोडांचा रकाना घातलेला आहे. आईने तुझ्यासाठी कोकमं वाळवून ठेवली आहेत. तुझा भाऊ गणपतीला येणार असेल तर त्याच्याबरोबर देते, तसं कळव.

तुझी,
वासंती